पारड्याखालची पट्टी

११ मार्च

बाबा,

हे पत्र कामाचं आहे. ख्यालीखुशाली शेवटी, जागा उरली तर.

माझ्याकडे एक जुना दांडीचा काटा आलाय, तान्ह्या मुलांचं वजन करायचा. वर पत्र्याचं लांबट पारडं, खाली आडवी दांडी, दांडीवर सरकवायची दोन वजनं. कुठल्याशा दवाखान्याने भंगारात काढला होता, आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात सहा महिने पडून होता. घरी आणला, साफ केला, दांडी जिच्यावर टेकते ती धार घासून घेतली. आता पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो. पण दांडी डुलते फार आणि थांबते उशिरा. तुम्ही असल्या धारेला तेलाचा थेंब द्यायचात की कोरडीच ठेवायचात, ते आठवत नाही. एका ओळीत कळवा. कार्ड पुरेल.

काटा घरी कशाला, असं विचाराल म्हणून सांगतो. दोन तारखेला आम्हाला मुलगी झाली.

नाव अजून ठरलं नाही. तूर्त पाहुणी म्हणतो. वागणंही तसंच आहे, सगळं घर तिच्या वेळेवर चालतं आणि तिला कोणी काही विचारायची सोय नाही. दवाखान्यात मूल पहिल्यांदा हातात दिलं की लोकांना काय काय वाटतं म्हणे. मला काही वाटलं नाही. मी फक्त वजन विचारलं. दोन किलो नऊशे.

तुमची सून, जिला तुम्ही पाहिलेली नाही, बेकरीत पावाच्या पिठाचे गोळे तोडते. चारशे ग्रॅमचा गोळा, नुसत्या हाताने. काट्यावर टाकला तर पाच ग्रॅम इकडे की तिकडे, त्यापुढे चूक नाही. मी त्या बेकरीचा काटा दुरुस्त करून दिला आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, तुमचा काटा आठ ग्रॅम जड दाखवतोय म्हणून. जाऊन तपासला. आठच ग्रॅम होते. त्यानंतर लग्न करण्यावाचून मला इलाज नव्हता.

तर ती आता बाळाला पाजते आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत बसते. रडत नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणून देता आलं असतं. परवा दुपारी म्हणाली, "मला काहीच वाटत नाही रे." मी म्हटलं, दमली आहेस. मलाही काही वाटत नाही, हे सांगितलं नाही. घरात एकाला तरी वाटतंय असा समज असलेला बरा.

पाहुणीचं वजन उतरलंय. पाचव्या दिवशी दोन सहाशे चाळीस. नर्सबाई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, पण मग चढायला लागलं पाहिजे, दोन-तीन आठवड्यांत जन्माच्या वजनावर यायला हवी. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा आणि तेवीस तारखेला या. चार दिवस चढलं नाही तर तारखेची वाट बघू नका, तसेच उठून या.

आठ तारीख, दोन सहाशे चाळीस. नऊ, चाळीस. दहा, तीस. आज तीस. हे आकडे ती मैद्याच्या पिशवीच्या कागदावर लिहिते आणि कागद ओट्याच्या वर चिकटवलाय. आज आकडा लिहून झाल्यावर म्हणाली, "मी पुरत नाही हिला." मग जेवली नाही. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणते, ते तिला ठेवून घेतील आणि मला घरी पाठवतील. उद्या काय ते बघू.

आपल्यात जे झालं त्यासाठी हे पत्र नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या मित्राच्या धान्याच्या दुकानात पारड्याखाली शिशाची चाळीस ग्रॅमची पट्टी निघाली, ती तुमच्या हातची होती. मी वजनमापांच्या तपासनिसाला सांगितलं. तुमचा काटे-दुरुस्तीचा परवाना गेला. मी बरोबर केलं असं मला तेव्हा वाटत होतं आणि आज सहा वर्षांनीही वाटतं. काट्यात हात घालणाऱ्या हाताला मी हात लावणार नाही, असंही निघताना म्हणालो होतो. ते वाक्य जरा नाटकातलं झालं, पण मागे घेत नाही.

तेलाचं कळवा.


१५ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड आलं नाही. धार कोरडीच ठेवली आहे.

पाहुणीचं वजन चढायला लागलं. बारा तारखेला दोन सहाशे पंचावन्न, तेराला ऐंशी, चौदाला सातशे पाच, आज सातशे तीस. रोज पंचवीस ग्रॅम, अगदी शिस्तीत. पहिल्या दिवशी आकडा बघून तुमची सून तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "परत सरकव." मी परत वजन सरकवून दाखवलं. पंचावन्नच. तिने कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली आणि त्या दिवशी दोनदा जेवली. कोणी जेवलं यात सांगण्यासारखं काय, म्हणाल. तुम्ही ते आठ दिवस बघितले नाहीत.

आमचं सकाळचं काम ठरून गेलंय. सातला मी काटा टेबलावर लावतो. ती खोलीत पाहुणीचे कपडे काढते. खोलीभर दोऱ्या बांधल्यात आणि दोऱ्यांवर लंगोट, त्यामुळे पलीकडचं माणूस इकडच्याला फक्त कमरेखाली दिसतं. मग ती बाळाला घेऊन लंगोटांखालून वाकून येते, पारड्यात ठेवते, मी दांडी अडवणारा खटका काढतो, वजन सरकवतो, आकडा सांगतो. बाळ उचललं की लगेच खटका लावतो. रिकामी दांडी मोकळी ठेवली तर आपटून धार जाते, हे तुम्हीच शिकवलंय. रिकामा काटा मी कधीच मोकळा ठेवत नाही.

एकच गोष्ट. काल पाहुणीला पारड्यातून उचलल्यावर ती दोन्ही तळव्यांवर धरून उभी राहिली, पिठाचा गोळा धरते तशी. म्हणाली, "हाताला एवढी लागत नाही." मी म्हटलं, झोप नाही, हात सुजलेत, हाताला काय कळतंय आता. बेकरी सोडून दोन महिने झाले, सवय मोडते. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग पाहुणीला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "असेल."

आता ती बाळाला पाजायला घेते आणि झालं की लगेच खाली ठेवते. उचलून फिरवायचं काम माझ्याकडे आलंय. मी फिरवतो. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं, वळायचं, अकरा पावलं. समोरच्या इमारतीत एक म्हातारा बाल्कनीत खुर्ची टाकून बसतो, तो माझ्याकडे बघून हात करतो. मीही करतो. त्याला वाटत असेल, काय प्रेमळ बाप आहे. माझ्या मनात तेव्हा अकरा चालू असतात.

हे सगळं तुम्हाला का लिहितोय, मलाही नीट कळत नाही. आकडे कळणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही, एवढंच असेल.


२० मार्च

बाबा,

तुमचं कार्ड परवा आलं. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

सहा वर्षांनी कार्ड, आणि त्यात दोन ओळी. "धार कोरडीच ठेवायची. रोज सारखं कोणी वाढत नाही, पारड्याखाली काय आहे ते काढ."

तुम्हाला धारेबद्दल विचारलं होतं. पहिली ओळ पुरेशी होती. पुढची ओळ लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं? उंटावरून शेळ्या हाकायची सवय अजून गेली नाही म्हणायची. तुम्ही ना काटा बघितलात ना मूल. इतक्या लांबून चार आकडे वाचले आणि निकाल देऊन मोकळे झालात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे.

पारड्याखाली काही नाही. तुमच्या माहितीसाठी, काल तीस ग्रॅम वाढलं आणि आज वीस. रोज सारखं नाही. झालं समाधान?

तुमची सून आता बरी आहे. म्हणजे भिंतीकडे बघणं कमी झालंय. आज आकडा आठशे पंचावन्न आला तेव्हा म्हणाली, "अजून पंचेचाळीस, की जन्माच्या वजनावर आली." कागदावर तो आकडा तिने आधीच लिहून त्याला गोल करून ठेवलाय. हे सगळं तिच्या मनावर चालतं, बाबा. मन थाऱ्यावर आलं तर दूध येईल, दूध आलं तर वजन येईल. इतकी साधी गोष्ट आहे. ती थाऱ्यावर यायला थोडे दिवस लागतात. ते दिवस कोणीतरी काढून द्यायला हवेत की नको?

पाहुणी शांत आहे. पूर्वी रडायची, आता फारशी रडत नाही. झोपलेलीच असते. कार्ड मी हत्यारांच्या पिशवीत ठेवलंय. उगाच घरात कोणी वाचायला नको.

यापुढे लिहू नका. मीही लिहिणार नाही.


२४ मार्च

बाबा,

पट्टी होती.

हे मी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून लिहितोय. दुपार आहे. समोर पाणी प्यायचा नळ आहे, त्याखाली कोणीतरी बादली ठेवलीय. आत तुमची सून आणि पाहुणी आहेत. मला आत जायला बंदी नाही. तिने "तू बाहेर बस" एवढंच म्हटलंय.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो.

अकरा तारखेला तुम्हाला लिहिलेलं पत्र पेटीत टाकून आलो आणि वर्कशॉपमधून शिशाचा एक तुकडा खिशात टाकला. पारडी समतोल करायला वापरतो तोच. बारा तारखेला सकाळी ती खोलीत बाळाचे कपडे काढत होती, तेव्हा पारड्याखाली चिकटपट्टीने लावला. पंचवीस ग्रॅम. मला वाटलं एक दिवस. तिने आकडा बघितला, जेवली. दुसऱ्या दिवशी तुकडा काढला असता तर एका रात्रीत मूल पंचवीस ग्रॅमने उतरलं असतं. मग अजून एक लावला. शेवटी तुकडे सांभाळणं अवघड झालं म्हणून वितळवून एकच पट्टी केली आणि रोज तिला थोडं थोडं शिसं जोडत गेलो. हिशेब असा होता की ती जेवेल, झोपेल, दूध येईल, वजन खरोखर वाढेल आणि माझ्या आकड्याला गाठेल. मग मी हळूहळू पट्टी कमी करत जाईन आणि कोणाला काही कळणार नाही. हिशेब वाईट नव्हता. फक्त पाहुणीला तो माहीत नव्हता.

तुमचं कार्ड आलं त्या दिवशी पट्टी काढायला हवी होती. काढली नाही. उलट तुम्हाला खोटं पाडायला दुसऱ्या दिवसापासून आकडे कमीजास्त केले, तीस आणि वीस. ज्या माणसाशी सहा वर्षं बोललो नाही, त्याला फसवायला पोटच्या मुलीच्या पारड्याखाली शिसं मोजत बसलो होतो. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर माझ्याकडून शिकावं.

काल तेवीस. नर्सबाईंनी पाहुणीला त्यांच्या काट्यावर ठेवलं. दोन सहाशे दहा. उचलली, काटा शून्यावर आणला, परत ठेवली. दोन सहाशे दहा. तुमच्या सुनेने मैद्याचा कागद पुढे केला. शेवटचा आकडा दोन नऊशे तीस, त्याच्या आदल्या आकड्याला गोल. नर्सबाईंनी कागद बघितला, बाळाला बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"घरी वजन कोण करतं?"

"मी."

"काम काय करता?"

"काटे दुरुस्त करतो."

त्यांनी कागद परत केला. मग म्हणाल्या, "मग घरचा काटा बिघडला असेल."

आणि मी म्हणालो, "असेल."

वीस वर्षं मी हे काम करतोय. काटा बिघडलाय असं न तपासता कधी कुठल्या गिऱ्हाइकाला बोललो नव्हतो. त्या बिचाऱ्या काट्यावर आळ घेतला. तो एकटाच त्या घरात पाच ग्रॅमपर्यंत खरा होता.

त्यांनी लगेच दाखल करून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी पाहुणीचं तोंड उघडून जिभेखाली बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, जीभ खालच्या बाजूला पडद्याने बांधल्यासारखी आहे, तिला नीट ओढता येत नाही. दूध भरपूर आहे, घेणारीला घेता येत नाही. पडद्याला लहानशी चीर दिली की झालं. तोवर वाटी-चमच्याने पाजा. वेळेवर आणलंत असंही म्हणता येत नाही आणि उशीर झाला असंही नाही, अजून आठवडा गेला असता तर गोष्ट वेगळी होती. झोपून का असते, तर अंगात रडायची ताकद नव्हती. मी तुम्हाला "पाहुणी शांत आहे" असं लिहिलं होतं.

चार दिवस चढलं नाही तर या, असं त्यांनी सांगितलं होतं. चार दिवस अकराला भरले होते.

रात्र तशीच गेली. आज सकाळी मी घरी जाऊन पट्टी काढली, पिशवीत टाकली आणि इथे येऊन तिला सगळं सांगितलं. ती वाटीने पाजत होती. ऐकताना तिने चमचा थांबवला नाही. बाळाचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली आणि मग बोलली. फार हळू बोलली, शेजारच्या खाटेवर बाळंतीण झोपली होती म्हणून.

"मला वाटलं माझं डोकं फिरलं. रोज उचलताना हात सांगायचे, घटतेय. काटा सांगायचा, वाढतेय. मी म्हटलं काटा कसा चुकेल, तो तुझा आहे. मग हातच गेले असणार. ज्या हातांना वजन कळत नाही त्यांनी मूल कसं धरायचं? पडलं तरी कळायचं नाही. म्हणून मी तिला उचलणं सोडलं."

मी वाटी धुऊन आणली.

"पट्टी कुठे आहे?"

मी पिशवीतून काढून दिली. तिने ती उजव्या तळव्यावर ठेवली, बोटं मिटली नाहीत, नुसती तोलली. खिडकीकडे बघत होती. "तीनशे पंधरा," म्हणाली.

तीनशे वीस होती.

मी आकडा सांगितला. तिने मान हलवली, पाच ग्रॅम इकडेतिकडे, तिची नेहमीची चूक. मग पट्टी माझ्या हातात परत दिली, पाहुणीला उचललं, खांद्याशी धरलं आणि रडायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी पाणी आणून द्यायला उठलो तर म्हणाली, "तू बाहेर बस."

तेव्हापासून बाहेर आहे.

मला वाटलं मलाही रडू येईल. आलं नाही. लाज मात्र वाटतेय, आणि ती चांगली वाटतेय, कानापर्यंत. इतक्या दिवसांत काही वाटलं असेल तर ते हेच.

एक हिशेब या बाकावर बसून मनातून जात नाही. तुमची पट्टी चाळीस ग्रॅमची होती. माझी तीनशे वीस. बरोबर आठपट. तुमच्या पट्टीने कोणाची तरी मूठभर डाळ गेली, आणि मी तुम्हाला भर बाजारात उभं केलं. तुम्ही ती का लावली होतीत, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. मला वाटायचं, विचारण्यासारखं काय आहे त्यात. खाण तशी माती, असं तुमच्या मनात येत असेल. आलं तर मनातच ठेवा.

नळाखालची बादली भरून वाहायला लागलीय. बंद करतो.


३ एप्रिल

बाबा,

आम्ही पाच दिवसांपूर्वी घरी आलो. पाहुणीच्या जिभेला चीर दिली, एवढंसं रक्त आलं, ती ओरडली आणि पाचव्या मिनिटाला प्यायला लागली. आता आवाज करत पिते. समोरच्या म्हाताऱ्यापर्यंत ऐकू जात असेल.

आज दोन आठशे नव्वद. जन्माच्या वजनाला दहा कमी. दवाखान्यातून निघाल्यापासून वाढ अशी आहे: पंधरा, चाळीस, मग एक दिवस काहीच नाही, मग पस्तीस, मग वीस. तुम्ही लिहिलं होतं ते बरोबर. मी वीस वर्षं लोखंडाची वजनं तपासली, ती जशी ठेवावीत तशी राहतात. वाढणारं काही तपासलं नव्हतं.

हे वजन मी केलेलं नाही. तुमची सून रोज सकाळी बाळाला घेऊन दवाखान्यात चालत जाते, अर्धा तास जायला, अर्धा तास यायला, टाके अजून ओढतात तरी. निघताना दारात पाहुणीला दोन्ही हातांवर तोलते आणि आकडा सांगते. आल्यावर खरा आकडा सांगते. पाच ग्रॅमच्या बाहेर एकदाही गेली नाही. माझ्याशी बोलणं एवढंच, दोन आकडे. पण सकाळचा आकडा ती मलाच सांगते, दाराला सांगत नाही, हे मी धरून चाललोय.

परवा मी म्हटलं, मी घेऊन जातो, तू झोप. तिने विचार केला. मग दुपट्यासकट पाहुणीला माझ्याकडे दिलं आणि बघत राहिली. मी अकरा पावलं गेलो, वळलो. मला ती जड वाटली. इतके दिवस मी तिला फिरवलं आणि कधी जड किंवा हलकी वाटली नव्हती. बाकी अजून फारसं काही वाटत नाही, खोटं कशाला सांगू. पण जड वाटली. मी ते मोठ्याने बोललो असणार, कारण तुमची सून म्हणाली, "आहेच ती."

काल हत्यारांच्या पिशवीत कात्री शोधताना तिला तुमचं कार्ड सापडलं. मी जेवत होतो. कार्ड माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि समोर बसली.

"हे कधी आलं?"

"अठराला."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"मी आकडे लिहिले होते. त्यांनी ओळखलं."

"इतक्या लांबून."

"हो."

ती कार्ड परत परत वाचत होती. दोन ओळी वाचायला तिला बराच वेळ लागला. मग विचारलं, "तुमचं भांडण नक्की कशावरून झालं होतं?" लग्नाला चार वर्षं झाली, पण मी तिला फक्त 'धंद्यावरून' असं सांगितलं होतं. काल सगळं सांगितलं. चाळीस ग्रॅम, तपासनीस, परवाना, ते हाताला हात न लावण्याचं वाक्यसुद्धा. त्या वाक्याला ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझ्या ताटातली भाजी संपली होती, ती तिने वाढली. दहा दिवसांत पहिल्यांदा वाढली.

मग म्हणाली, "रोज दवाखान्यात जाणं मला होत नाही आता. पाय भरून येतात. काटा घरातच हवा."

मी म्हटलं, काटा खरा आहे, पट्टी मी काढली आहे, दांडी मोकळी सोडून दाखवतो.

"तू नाही. ज्याने हात घातला त्याने तपासायचं नाही. तुमच्यात असाच नियम आहे ना?"

आहे. तुम्हीच शिकवला होता आणि मीच तो तुमच्यावर चालवला. दुरुस्त करणारा वेगळा, तपासून सील लावणारा वेगळा. मी म्हटलं, मग वर्कशॉपमधून कोणाला तरी बोलावतो.

"त्यांना बोलाव," ती म्हणाली आणि बोटाने कार्डाला टोचलं.

"त्यांच्याकडे परवाना नाही. माझ्यामुळेच गेला, आत्ता सांगितलं ना."

"परवाना कोण मागतंय? पारड्याखाली काय आहे हे ज्या माणसाला पत्रातून दिसलं, तो समोर बसून बघेल तेव्हा मी मान्य करेन. आणि तुझ्याबद्दल काय करायचं तेही त्यांनाच विचारीन. त्यांना अनुभव आहे."

शेवटचं बोलत ती उठून दोऱ्यांपलीकडे गेली, तेव्हा किंचित हसली असं मला वाटलं. लंगोट मध्ये होते, नक्की सांगता येत नाही.

तर हे पत्र पुन्हा कामाचंच आहे. तुम्ही या. काटा टेबलावर ठेवलाय, खटका काढलेला आहे, दांडी मोकळी आहे. धार खराब झाली तर झाली, परत घासता येईल. तीनशे वीस ग्रॅमची पट्टीही ठेवली आहे. ती वितळवायची की तशीच ठेवायची, ते तुम्ही सांगा. तुमच्या चाळीस ग्रॅमचं कारण सांगावंसं वाटलं तर सांगा, मी मध्ये बोलणार नाही. नाही सांगितलंत तरी विचारणार नाही. माझ्याकडेही एक फार चांगलं कारण होतं.

दिवस कार्डावर कळवा, गाडी सकाळी दहाला पोचते. मी स्टेशनच्या फाटकापाशी उभा असेन. सामान माझ्याकडे द्या, आणि हातही. मी म्हणालो होतो ते वाक्य तेवढं विसरा. मी तर विसरायला लागलोय असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही.

येताना काही आणू नका. फक्त पाहुणीला घेण्याआधी साबणाने हात धुवावे लागतील, कोपरापर्यंत. नर्सबाईंचा नियम आहे, आणि तुमची सून दारात उभी राहून बघते. वाईट वाटून घेऊ नका. मीही रोज धुतो.

तुमचा मुलगा